अक्षता पडल्यापासून स्वागत समारंभापर्यंत: वऱ्हाडाची दुपार कशी सांभाळावी

पत्रिकेवर मुहूर्त असतो दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. त्याच पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत ‘स्वागत समारंभ सायंकाळी ७ पासून’ अशी ओळ असते. मधल्या वेळात बाहेरगावच्या पाहुण्यांनी काय करायचं, हे पत्रिकेत नसतं आणि यजमानांच्या वहीतही नसतं. आचारी, बिछायत, फुलं, घोडी, डीजे, फोटोवाला, सगळ्यांचा हिशोब त्या वहीत असतो. दुपारचे साडेतीन ते सात मात्र कुणाच्याच नावावर नसतात.

वाशीम जिल्ह्यात लग्नांचा जोर एप्रिल-मेमध्ये. गहू-हरभरा निघालेला असतो, सोयाबीन-तुरीचे पैसे हातात आलेले असतात, पोरांना सुट्या लागलेल्या असतात. नेमका याच दिवसांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. जेवणं उरकल्यावर कोणत्याही मंगल कार्यालयात एक चक्कर मारून पाहा. म्हाताऱ्या बाया तोंडावर पदर घेऊन कूलरसमोर भिंतीला टेकलेल्या असतात. दोन खुर्च्या जोडून एखादे मामा आडवे झालेले असतात. लेकरू रडत असतं आणि त्याची आई दूध पाजायला आडोसा शोधत असते. एकाच बोर्डाभोवती सात-आठ जण मोबाइल चार्ज करायला उभे असतात. दर थोड्या वेळानं कुणीतरी विचारतं, ‘नवरदेव-नवरी कुठं गेले? संध्याकाळचं किती वाजता हाये?’ नेमकं उत्तर कुणाजवळ नसतं.

पूर्वी वऱ्हाड जानोशाच्या घरी दोन-तीन दिवस मुक्कामाला असायचं. सीमांतपूजन, रुखवंत, विहिणींची पंगत, व्याह्यांची थट्टा, सुपारी सोडवण्याचे खेळ, कानपिळी, सूनमुख, झाल या सगळ्यांना आपापली वेळ होती आणि त्या वेळी कोण कुठं बसणार हेही ठरलेलं होतं. आता सगळं एका दिवसात बसवायचं म्हणून यातलं बरंचसं गळालं किंवा फोटोपुरतं उरलं. वर संध्याकाळचा स्वागत समारंभ जोडला गेला. त्यामुळे मधे ही मोकळी, तापलेली दुपार तयार झाली. बाहेरून करमणूक विकत आणण्याआधी पाहुण्यांना सावली, पाणी आणि आडोसा द्या, आणि मग लग्नातूनच गाळलेले हे कार्यक्रम त्या दुपारी परत बसवा, असं माझं ठाम मत आहे. याला पैसा फार लागत नाही, लक्ष घालणारं माणूस लागतं.

त्याआधी एक मोठा निर्णय तारीख काढतानाच घ्यायचा असतो: हा वेळ कमी करता येतो का? उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्यास्त पावणेसात-सातच्या सुमारास होतो. गोरज मुहूर्त धरला, तर लग्न, स्वागत समारंभ आणि जेवण सलग होतं आणि दुपार पाहुण्यांच्या अंगावर येत नाही. ज्यांना दुपारचाच मुहूर्त हवा, त्यांनी जेवणानंतर लगेच, दोन-अडीचलाच, नवरा-नवरीला स्टेजवर बसवून भेटीगाठी उरकून घ्याव्यात. लांबचे लोक उजेडात घरी पोचतात. मुलीच्या गावी दुपारी लग्न आणि मुलाच्या गावी त्याच संध्याकाळी स्वागत समारंभ, हा बेत मात्र शक्यतो करूच नये. रिसोडला लग्न आणि कारंजाला समारंभ म्हणजे उन्हातून जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. नवरी दमते, वऱ्हाड विस्कटतं, निम्मे लोक वाटेतूनच घरी जातात. एक दिवस मधे सोडा.

दुपारचा मुहूर्त असेल तर तो पाळा. नवरदेव मारोतीच्या दर्शनाला जातो आणि तिथून मांडवात यायला दीड-दोन तास लागतात, कारण प्रत्येक चौकात नाच असतो. त्यात मंगलाष्टकांआधी माइकवरून मान्यवरांचे सत्कार सुरू होतात. १२.३५ च्या अक्षता दोनला पडतात आणि पहिली पंगत अडीचला बसते. पहाटे पाचला घरून निघालेल्या, मधुमेह असलेल्या माणसाचं यात काय होत असेल, याचा विचार करा. वरातीची वेळ तासानं अलीकडे घ्या, सत्कार संध्याकाळच्या कार्यक्रमात घ्या, आणि ज्यांना गोळी घेऊन वेळेवर खावं लागतं अशांसाठी बारा वाजताच वेगळी पंगत मांडा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता थांबणारे किती, याचा अंदाज काढू. समजा ८०० पानं उठणार आहेत. त्यातले गावचे आणि आसपासचे लोक जेवून, आहेर करून निघून जातात. उरतात ते दुसऱ्या बाजूचं वऱ्हाड, पुण्या-मुंबईहून आलेली नोकरदार मंडळी, आत्या-मावश्या आणि त्यांची नातवंडं. हे दीड-दोनशे लोकच तुमचा खरा विषय आहेत. आठ दिवस आधी त्यांची यादी करा. किती जण सत्तरीपुढचे, किती लेकरं दहा वर्षांखालची, कुणाला संध्याकाळची गाडी पकडायची आहे. अकोला-पूर्णा मार्गावरच्या गाड्यांनी येणाऱ्यांना वाशीम स्टेशनवर सोडायला कोण जाणार, हे त्याच यादीत लिहा.

आणि या वेळेसाठी एक जबाबदार माणूस नेमा. तो नवरीचा बाप किंवा भाऊ नसावा, त्यांच्यामागे आधीच शंभर कामं असतात. एखादे मित्र, चुलत मामा, शाळेतले गुरुजी किंवा बचत गट चालवणाऱ्या एखाद्या ताई या कामाला उत्तम. दुसऱ्या बाजूकडूनही तसंच एक माणूस मागून घ्या. दोघांचे मोबाइल नंबर एकमेकांकडे असले की ‘आमच्या लोकायले कोणी पाणीही विचारलं नाही’ ही तक्रार होत नाही. सोयरीक जुळल्यावर पहिली कटुता बहुतेक वेळा याच दुपारी येते.

सावलीचं आणि थंडाव्याचं काम सगळ्यांत आधी. आपल्याकडे कूलर लावला की काम झालं असं समजतात. पण कूलर चालायला हवा खेळती लागते. दारं-खिडक्या बंद करून चार कूलर लावले तर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि माणसं जास्त घामाघूम होतात. कूलर खिडकीत किंवा दारात, बाहेरची हवा आत ओढेल असा लावा आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. टाकीत पाणी भरायला एक पोरगा नेमा, कारण तीनच्या सुमारास सगळ्या टाक्या एकदम कोरड्या पडतात. वरून टिनाचं शेड असेल तर दुपारी दोनदा त्यावर पाणी मारा. लाइन जाणारच असं धरून जनरेटरचं डिझेल आधी भरून ठेवा, आणि जनरेटर खिडकीपासून लांब ठेवा, म्हणजे धूर आत येणार नाही.

एक खोली फक्त झोपायला ठेवा. बिछायत केंद्राकडून वीस-पंचवीस गाद्या आणि चादरी जास्तीच्या सांगा, भाडं फार नसतं. पडदे लावून खोली अंधारी करा, स्पीकरचं तोंड तिकडे नको. बायकांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली हवीच. तिथं मोठा आरसा, लुगडी टांगायला दोर किंवा खुंट्या, सेफ्टी पिनांचा डबा, सॅनिटरी पॅड, कचऱ्याचा डबा आणि लेकराला पाजायला एक खुर्ची ठेवा. संडास-बाथरूममध्ये दुपारी पाणी संपतं. टाकी तीन वाजता एकदा तपासा आणि सफाईला एक माणूस संध्याकाळपर्यंत थांबवा. कार्यालय पाहायला जाल तेव्हा स्टेजच्या आधी ही जागा पाहा. चार्जिंगसाठी पाच-सहा खाचांचे दोन-तीन एक्स्टेंशन बोर्ड लावले तर तरुण मंडळी तुमचं नाव काढतील.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. उन्हाळ्याच्या दुपारी माणशी दीड लिटर धरा. २०० लोकांना ३०० लिटर, म्हणजे २० लिटरचे १५ जार, तेही जेवणाच्या पाण्याव्यतिरिक्त. जार एका कोपऱ्यात रचून ठेवू नका. म्हातारी माणसं उठून जात नाहीत, तहान मारत बसतात. दोन पोरांनी तांबे-गिलास घेऊन दर अर्ध्या तासानं फिरावं. पन्हं, मठ्ठा, लिंबू सरबत यांत टाकायचा बर्फ खाण्याचा आहे याची खात्री करा. माल थंड ठेवायला वापरतात तो अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम आहे, तसा बर्फ दिसला तर पिण्याच्या भांड्यात पडू देऊ नका. ओआरएसची दहा-पंधरा पाकिटं जवळ असू द्या, लिटरचं एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचं. कुणाचं अंग तापून निघालं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या कपड्यानं अंग पुसत पंखा लावा आणि १०८ ला फोन करा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजू नका.

खाण्याचं थोडक्यात. साडेचार-पाचला चहा आणि काहीतरी चटपटीत द्या: आलूबोंडा, भजे, फोडणीचा चिवडा, टरबुजाच्या फोडी. तळण तिथल्या तिथं काढलेलं असावं. दुपारचा मसालेभात, श्रीखंड, पनीर, उकडलेल्या बटाट्याची भाजी संध्याकाळसाठी ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की ते धोक्याचं होतं, वास येवो वा न येवो. लग्नातल्या विषबाधांच्या बातम्या याच महिन्यांत येतात. उरलेलं अन्न वाटायचं असेल तर जेवणं संपल्याबरोबर, तीनच्या आत वाटा. हा चहा-फराळ गावातल्या महिला बचत गटाला सांगितलात, तर आचाऱ्यावरचा भार हलका होतो आणि पैसा गावात राहतो.

मग वेळापत्रक. एक फळा किंवा पुठ्ठा घ्या आणि जाड अक्षरांत लिहा: ३.३० पर्यंत आराम, ३.३० रुखवंत आणि उखाणे, ४.३० चहा, ५ जुनी गाणी आणि लेकरांचे खेळ, ६ तयार होणे, ७ स्वागत समारंभ. तो दारात, जेवणाच्या जागी आणि जानोशावर लावा, वऱ्हाडाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका, आणि माइकवरून दोनदा वाचून दाखवा. म्हाताऱ्या माणसांना स्वतः जाऊन सांगा. पुढं काय आणि कधी, हे कळलं की माणूस निवांत बसतो.

आता करमणुकीकडे येऊ. रुखवंत आपण टेबलावर मांडतो, लोक फोटो काढतात आणि पुढं जातात. त्याऐवजी रुखवंत करणाऱ्या बाईलाच तिथं उभं करा. बाहुल्यांची वरात कुणी बसवली, शेवयांचं घर कसं उभं राहिलं, कुरड्या-पापडांचा डोलारा प्रवासात कसा सांभाळून आणला, हे तिनं सांगावं. दुसऱ्या बाजूच्या बायकांनी एकेक वस्तू उचलून विचारावं. अर्धा तास कसा जातो कळत नाही, आणि ज्या मावशीनं दोन महिने डोळे फोडून ते काम केलं तिचं नाव सगळ्यांना कळतं.

उखाण्यांचं पण तसंच. नवरीला माइक देऊन ‘घे नाव, घे नाव’ करत बसण्यात ती बिचारी अवघडते. आधी तिच्या आजीला, मग दोन्हीकडच्या विहिणींना, मग लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्यांना बोलवा. पुरुषांनाही नाव घ्यायला लावा. सत्तरीचे आबा पहिल्यांदा बायकोचं नाव घेतात तेव्हा सगळा मांडव उठून टाळ्या वाजवतो. पाठ केलेल्या उखाण्यांना कंटाळलात तर जागेवर रचायला सांगा, पहिली ओळ तुम्ही द्या. ‘समृद्धीच्या रस्त्यावर गाडी धावते भरधाव’ असं कुणी म्हटलं की एखादी चटपटीत सून ‘...रावांचं नाव घेते, वाशीम माझं गाव’ अशी जोड लगेच देते. जोड देणाऱ्या प्रत्येकीला मोगऱ्याचा गजरा बक्षीस ठेवा.

सगळ्यांत मोलाचा कार्यक्रम जुन्या गाण्यांचा. लग्नातली हळदीची गाणी, विहिणीला टोमणे मारणारी गाणी, जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, हे सगळं आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडी आहे आणि बहुतेक ठिकाणी ते कुठंही लिहिलेलं नाही. या बायका एरवी एकत्र येत नाहीत. एक रिसोडकडची, एक मानोऱ्याची, एक पुसदची. लग्नात त्या एका छताखाली येतात आणि आपण त्यांना कूलरसमोर झोपवून ठेवतो. सतरंजी टाका, चार-पाच जणींना मधे बसवा, माइक मधे ठेवून आवाज बारीक करा. सुरुवातीला त्या नाही म्हणतील, ‘आता आवाज कुठं राह्यला’ म्हणतील. एकीनं सुरुवात केली की दुसरीला तिच्या गावची वेगळी चाल आठवते, तिसरी मधेच दुरुस्ती करते, आणि मग त्यांना थांबवावं लागतं. विहिणीच्या गाण्यांत टोमणे असतात, म्हणून समोरच्या बाजूला आधी कल्पना द्या आणि त्यांच्याही बायकांना उत्तर द्यायला बसवा. एका पोराला मोबाइल उभा धरून हे सगळं रेकॉर्ड करायला सांगा. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव आधी बोलून घ्यायला सांगा. लग्नाच्या व्हिडिओत दहा मिनिटं हे असू द्या.

बंजारा समाजातल्या लग्नांत ही ठेव अजून जिवंत आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे सगळ्या देशातल्या बंजाऱ्यांचं श्रद्धास्थान, त्यामुळे तांड्यांवरच्या लग्नांना दूरदूरचे पाहुणे येतात. नवरीच्या निरोपाची ढावलो गीतं आणि नंगारा-थाळीवरचा नाच दुपारी ठेवला तर पुण्या-मुंबईत वाढलेल्या नातवंडांना आपली गोरबोली कानावर पडते. ढावलो ऐकताना बाया मनापासून रडतात, तेव्हा ते गाताना मधे फोटोवाल्याला नाचवू नका. बौद्ध पद्धतीच्या लग्नांत वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली गाणी गाणारे गायनपार्टीवाले आपल्या भागात आहेत. संध्याकाळच्या गोंगाटात त्यांना उभं करण्यापेक्षा दुपारी शांतपणे ऐकावं.

थोडे पैसे खर्च करायची तयारी असेल तर स्थानिक कलावंत बोलवा. वऱ्हाडी बोलीतला विनोद ऐकायला आपल्या लोकांना फार आवडतं, डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्सप्रेस’नं हे सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. सत्यपाल महाराजांच्या सप्तखंजिरीमुळे प्रबोधनाचं कीर्तनही किती रंगतं, हे विदर्भातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. त्या वाटेनं जाणारे तरुण कलावंत, भजनी मंडळं, नकलाकार जवळच्या गावांत सापडतात. त्यांना पाऊण तासाची वेळ द्या, मानधन आधी ठरवा, आणि जेवणाची वेळ संपल्यावर बोलवा. जेवणाऱ्यांच्या पाठीशी कुणी गात असलं तर कलावंताचा अपमान होतो. बायकांसाठी गावातला बांगडीवाला कासार किंवा मनियार दुपारभर बसवणं हीसुद्धा जुनी आणि गोड रीत आहे. यजमानांकडून प्रत्येकीला बांगड्या भरल्या की दुसऱ्या बाजूची परकी बाईसुद्धा गप्पांत मिसळते.

गोष्ट सांगणारं कुणी घरात असेल तर वाशीमच्या लग्नात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या राजशेखर या पंडितानं ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष याची कथा दिली आहे. तो आईवर रुसून निघतो. त्याला अडवायला पार्वती साहित्यविद्या नावाची कन्या निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी जाते, प्रत्येक देशात वेगळा वेश, वेगळा नाच, वेगळी बोलण्याची रीत. अखेर त्या दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वाङ्मय आणि त्याची विद्या यांचं लग्न आपल्या गावात लागलं, असं एका मोठ्या कवीनं लिहून ठेवलं आहे. शाळेतल्या मास्तरांनी ही गोष्ट दहा मिनिटांत सांगावी आणि पोरांना त्यावर चार प्रश्न विचारावेत.

लेकरांचा विषय वेगळा काढतो, कारण यात करमणुकीपेक्षा सुरक्षा मोठी. जेवणानंतर मोठी माणसं पेंगतात आणि लेकरं मोकाट सुटतात. स्वयंपाकाची कढई, जनरेटरच्या वायरी, उलटे फिरणारे टेम्पो, आणि शेतातला मांडव असेल तर विहीर. विहिरीला कठडा नसेल तर भोवती दोर बांधून एक माणूस बसवा, यात हयगय नको. कॉलेजात जाणाऱ्या दोन भाच्यांना सावलीतल्या एका कोपऱ्याचा ताबा द्या. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, अंताक्षरी, रंगीत खडू आणि कागद. ‘नवरा-नवरीचं चित्र काढा’ म्हटलं की तासभर पोरं जागची हलत नाहीत, आणि ती चित्रं संध्याकाळी स्टेजच्या बाजूला दोरीला टांगली तर पाहुण्यांनाही पाहायला काहीतरी मिळतं. ऊन उतरेपर्यंत, म्हणजे साडेपाचपर्यंत, मैदानातले खेळ नको.

तरुण पोरांबद्दल स्पष्ट लिहितो. काम नसलेल्या या वेळातच बाटल्या निघतात, कार्यालयामागच्या गाडीत किंवा जवळच्या ढाब्यावर. संध्याकाळी वरातीतली मारामारी याच दुपारी ठरते. त्यांना उपदेश करून उपयोग नाही, जबाबदारी द्या: पाणी फिरवणं, गाड्या लावणं, स्टेशनवर सोडणं, रेकॉर्डिंग, खेळ. कॅरमचे दोन बोर्ड ठेवा. पत्ते चालतील, पैसे लावून नाही. घरच्या कर्त्या माणसानं वऱ्हाड निघायच्या आधीच ‘स्वागत समारंभ उरकेपर्यंत कोणी पिणार नाही’ असं सगळ्यांसमोर सांगून ठेवावं आणि ते स्वतः पाळावं.

डीजेला दुपारी सुटी द्या. भर दुपारी बंद हॉलमधे त्याची धमक म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या लेकरांच्या छातीत बसते. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो, हे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. म्हणून संध्याकाळचा नाच हवा असेल तर तो साडेसात ते साडेनऊ असा बसवा.

ज्यांना बसवत नाही अशा पाहुण्यांना साडेचारनंतर फिरवून आणता येतं. वाशीममध्ये लग्न असेल तर अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बांधलेलं बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ. कारंजात असाल तर नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी गुरुमंदिर, लाकडी कोरीवकाम असलेलं जैन मंदिर आणि जुन्या वेशी. चालता चालता कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगा, चुन्यात कस्तुरी कालवून वाडा बांधणाऱ्या व्यापाऱ्याची. मालेगावकडे असाल तर शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर. रिसोडहून लोणारचं सरोवर तासाभरावर आहे, पण लग्नाच्या दिवशी तिकडे नेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी न्या. दर्शनाच्या वेळा आधी विचारून घ्या, आणि गाडी सव्वासहापर्यंत परत आलीच पाहिजे असं चालकाला बजावा.

नवरा-नवरीला मात्र कुठंही पळवू नका. जेवणानंतर फोटोवाला त्यांना दोन-दोन तास घेऊन जातो, आणि ज्यांच्यासाठी लोक दोनशे किलोमीटर आले ते दोघंच दिसत नाहीत. फोटोंसाठी पाऊण तास, तोही ऊन कललं की सव्वापाचला. त्याआधी दोघांना अर्धा-पाऊण तास झोपू द्या, पोटभर पाणी पाजा, आणि साडेचारच्या चहाला सतरंजीवर पाहुण्यांमधे आणून बसवा. नवरीनं सासरच्या आजीच्या हातात चहाचा कप दिला, दोन शब्द बोलली, तर आजी ते पुढची दहा वर्षं सांगत राहते. सुपारी सोडवणं, हळदीच्या पाण्यातली अंगठी शोधणं हे खेळही याच वेळी घ्या, घरच्या चार खोल्यांत दडून नाही, सगळ्यांसमोर.

शेवटी जे कुणाच्या यादीत नसतात ते. वऱ्हाडाच्या गाड्यांचे चालक, बँडवाले, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया. चालकांना पहिल्याच पंगतीत जेवू घाला आणि दुपारी त्यांच्यासाठी चार गाद्या व एक कूलर वेगळा ठेवा. हेच लोक रात्री अकरा-बाराला समृद्धी महामार्गावरून किंवा अकोला-हिंगोलीच्या रस्त्यानं तुमची माणसं घेऊन परतणार असतात. पहाटेपासून जागा असलेला चालक रात्री गाडी घेऊन निघाला तर त्याला झोप येणारच. म्हणून वऱ्हाडाची गाडी ठरवतानाच मालकाला सांगा की चालकाला दुपारी तीन तास झोप मिळेल, त्याला कुणी उठवणार नाही, आणि ते कबूल केल्याप्रमाणे पाळा. भांडी घासणाऱ्या बायांना बसवून, ताट वाढून जेवू घाला; उभ्या उभ्या नको, उरलंसुरलं नको.